सेनापतीचें आत्मवृत्त

एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांचें ‘माय इयर्स विथ दि आय. ए. एफ.’ हें इंग्रजी पुस्तक त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनीं, १९८६ सालीं, प्रसिद्ध झालें. त्याचें संपादन त्यांच्या पत्नी इला लाल यांनीं केलें. लंडनमध्यें वृत्तपत्रविद्या शिकलेला हा तरुण १९३९ च्या महायुद्धामुळें वैमानिक झाला, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला, आणि १९६९ सालीं हवाई दलाचा प्रमुख झाला. एवढ्या भांडवलावर एखाद्यानें साहसकथांचा ग्रंथ रचला असता. लालांनीं तसें केलें नाहीं. त्यांच्या पुस्तकांत ‘मी’ लहान आहे आणि दल मोठें आहे.

आत्मचरित्र म्हणून ही उणीवच होय. लढणाराच्या मनांत काय चाललें होतें, हें वाचकास क्वचितच कळतें. परंतु या संयमानें जें साधलें, तें आमच्या मतें अधिक मोलाचें आहे.

१९६५ च्या युद्धांत लाल उपप्रमुख होते. १ सप्टेंबर रोजीं छांबच्या बाजूनें पाकिस्तानी रणगाडे पुढें सरकले. सायंकाळीं सैन्याच्या मदतीस धाडलेल्या जुनाट व्हँपायर विमानांपैकीं चार पडलीं. त्या युद्धांत भूसेना व हवाई दल यांच्या योजना परस्परांशीं जुळलेल्या नव्हत्या, हें लाल आडपडदा न ठेवतां सांगतात. आमच्या बखरींत पराभवाचा दोष बहुधा दैवाच्या माथीं जातो. येथें तो मसलतीच्या बैठकीवर ठेवला आहे, आणि लेखक त्या बैठकीबाहेरचा नाहीं.

लालांच्या कारकीर्दींत लष्करी व मुलकी कामें एकमेकांत विणलेलीं आहेत : १९६६ ते १९६९ हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे चालक, १९७३ च्या निवृत्तीनंतर इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष. कारखाना चालविणारास शौर्यापेक्षां सुट्या भागांची काळजी अधिक वाहावी लागते. त्यांच्या लेखणीची हिशेबी शिस्त तेथेंच पक्की झाली असावी, असें आम्हांस वाटतें. १९७१ च्या युद्धांत, स्वतः प्रमुख असतां, देशाच्या आकाशाच्या रक्षणाखालोखाल भूसेना व नौसेना यांस साह्य करणें, हेंच त्यांनीं आपल्या दलाचें काम ठरविलें. स्वतंत्र पराक्रमाची हौस मागें ठेविली. सहा वर्षांपूर्वींचा धडा असा कामास आला.

विजयाचें वर्णन कोणताही सेनापति करील. विजयाआधीं झालेली चूक स्वतःच्या नांवाच्या पुस्तकांत नोंदवून ठेवणें कठीण. ती नोंद राहिली नाहीं, तर पुढचा अधिकारी तीच चूक नव्यानें करतो, आणि तिची किंमत कोवळ्या वैमानिकांस मोजावी लागते. म्हणून हें काहींसें रुक्ष पुस्तक घरांतील तरुणांच्या हातीं अवश्य द्यावें.