कोणती कादंबरी?

दरवर्षी जूनमध्ये हजेरीपट नव्याने लिहिताना नावांची आवड कशी पालटत चालली आहे ते दिसते. यंदा पाचवीच्या पटावर मी ‘कादंबरी’ हे नाव लिहिले. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, किती पानांची?” वर्ग हसला; ती हसली नाही. मधल्या सुट्टीत येऊन तिने विचारले, “माझ्या नावाचं माणूस खरंच कुठल्या गोष्टीत आहे का?”

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

नाव आगळे असले म्हणजे पात्र जिवंत होते असे नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) ही आपल्या आरंभीच्या कादंबऱ्यांची नावे किती नादमधुर! पण मराठी वाचकाच्या काळजात घर केले ते हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मधल्या यमूने. यमुना हे तर घरोघरचे नाव.

मग कादंबरीचे काय? ती सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत कथेची नायिका, गंधर्वराजकन्या. तिच्या नावावरूनच मराठीने या सबंध वाङ्मयप्रकाराला नाव दिले. बाणाने तिला कथेत फार उशिरा आणले, आणि आणले तेही अलंकारांनी अशी मढवून, की तिचा चेहरा शोधावा लागतो. कथा अर्धी टाकून बाण गेला; ती त्याच्या मुलाने पुरी केली. पांडित्यात मुलगा बापाची बरोबरी करू शकत नाही, हे खरे. पण गतप्राण चंद्रापीडाचा देह आशेने जपत बसलेली कादंबरी त्याच्याच भागात भेटते. माझ्या मते ती तेथे प्रथम माणूस होते.

मी मुलीला एवढेच सांगितले, “तुझ्या नावाची गोष्ट बापाने सुरू केली आणि लेकराने पुरी केली.” दुसऱ्या दिवशी मागच्या बाकाला तिने ठणकावून उत्तर दिले म्हणे.

आईबापांनी नाव गोष्टीतून खुशाल घ्यावे. पण आधी ती गोष्ट वाचावी. नुसता कोश उघडला तर ‘कादंबरी’चा अर्थ ‘मदिरा’ असाही सापडेल! लेकरू एक दिवस विचारणारच. त्या वेळी घरात उत्तर असावे. त्यासाठी त्याला शाळेत यावे लागू नये.