वटवाघूळ म्हणजे नेमके कोणते?

शाळेच्या छपरात वटवाघळे शिरली की गावात तीन प्रकारची माहिती हाताशी असते. पाठ्यपुस्तकातले एखादे वाक्य, वर्तमानपत्रातली बातमी आणि कोणाकडून तरी कानावर आलेला कायदा. या तिन्हींत एक दोष समान आहे. 'वटवाघूळ' हा एकच प्राणी आहे असे ती धरून चालतात. हा दोष नुसता शब्दांचा वाटेल, पण त्याचे परिणाम छपरापर्यंत पोचतात. म्हणून ही तिन्ही लिखाणे थोडी बारकाईने वाचली पाहिजेत.

आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाला पाचवी अनुसूची होती. तीत उपद्रवी प्राण्यांची नावे होती. पुढे त्यातली काही नावे गळाली आणि अखेरीस उरले कावळा, उंदीर व त्यांचे भाऊबंद, आणि 'फळे खाणारी वटवाघळे'. या यादीतला प्राणी मारायला कोणाची परवानगी लागत नसे. यादीत जातीचे नाव नाही, प्रदेश नाही, हंगामही नाही. एका आहारावरून सगळा गट एकाच पोत्यात भरला होता.

योगायोग असा, की त्याच १९७२ साली हे पोते फाटले. १९४८ मध्ये अँगस हटन यांनी तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात एक फळखाऊ वटवाघूळ पकडले होते. त्याचा नमुना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एका नेहमीच्या जातीच्या नावाखाली वर्षानुवर्षे पडून होता. थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी तो तपासला तेव्हा ती नुसती नवी जाती निघाली नाही, तर नवी प्रजाती, म्हणजे वर्गीकरणातली जातीच्या वरची पायरी निघाली. तिला सलीम अलींचे नाव मिळाले. पुढे हे वटवाघूळ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत जाऊन बसले. म्हणजे एकाच कायद्याने एका फळखाऊ वटवाघळाला सर्वोच्च संरक्षण दिले आणि बाकीच्यांना उंदरांच्या रांगेत उभे केले. संग्रहालयातल्या जाणत्यांना जे चोवीस वर्षे ओळखता आले नाही, ते अंधारात गलोल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने ओळखावे, अशी कायद्याची अपेक्षा होती!

गोंदिया जिल्ह्यात या नोंदीला आणखी एक धार येते. इथल्या अनेक कुटुंबांना उन्हाळ्यात चार पैसे देणारे झाड म्हणजे मोह. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. त्यांचा गोड, मांसल भाग खायला मोठी फळखाऊ वटवाघळे येतात आणि या फुलावरचे पराग त्या फुलावर नेतात. पुढे फळे पिकली की ती तोंडात धरून दूरच्या झाडावर नेतात आणि बी तिथेच टाकतात. ज्याला कायदा उपद्रवी म्हणत होता तो मोहाच्या रानाचा बिनपगारी माळी होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही उपद्रवींची अनुसूची रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून दुरुस्त कायदा लागू झाला. हे चांगले झाले. पण पन्नास वर्षे लोकांच्या तोंडी बसलेला शब्द राजपत्रातल्या एका दुरुस्तीने पुसला जात नाही.

पाठ्यपुस्तकाविषयी माझी तक्रार वेगळी आहे. 'वटवाघूळ हा खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी आहे' हे वाक्य बरोबर आहे, पण तिथेच पूर्णविराम पडतो. भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत. कौलांच्या फटीत राहणारी पाकोळी चार-पाच ग्रॅमची असते, तर वडा-पिंपळावर लटकणारे मोठे वटवाघूळ किलोभराच्याही पुढे जाते. (पाकोळी हे नाव आपण एका पक्ष्यालाही देतो, तो घोळ वेगळाच.) मोठे वटवाघूळ उघड्या झाडावरच राहते, इमारतीत येत नाही. त्यामुळे छपरातल्या पाकोळ्यांचा राग पटांगणातल्या वडावर काढण्यात काही अर्थ नाही. पडक्या वाड्यात किंवा बंद गोदामात आणखी एक मोठ्या कानांचे वटवाघूळ आढळते. ते मोठ्या किड्यांबरोबर उंदीर आणि बेडूकही खाते. इंग्रजीत त्याला 'खोटा व्हँपायर' अशा अर्थाचे नाव आहे. रक्त पिणारी खरी वटवाघळे जगात तीनच जातींची आहेत आणि ती लॅटिन अमेरिकेबाहेर आढळत नाहीत.

भाताच्या जिल्ह्यात पाकोळीकडे निराळ्या नजरेने बघायला हवे. थायलंडमध्ये एका कीटकभक्षी जातीच्या आहारात भातावरचे पांढऱ्या पाठीचे तुडतुडे सापडले. ही जात वर्षाला सुमारे २,९०० टन तांदळाची नासाडी टाळत असावी, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा उचलून गोंदियाला चिकटवणे चुकीचे ठरेल. ती जात गुहांमध्ये लाखोंच्या संख्येने राहते, आपल्या शाळेच्या छपरात पाच-पन्नास पाकोळ्या असतील. पण स्पेनमधील एब्रो नदीच्या मुखाकडील भातशेतीत लहान पाकोळ्यांसाठी लाकडी पेट्या टांगल्यावर खोडकिडा कमी झाल्याचे दिसले आहे. खोडकिडा, तुडतुडे, गादमाशी ही नावे इथल्या शेतकऱ्याला पाठ आहेत. रात्री त्याच शेतांवर आणि मामा तलावांच्या पाण्यावर काय उडते, हे मात्र धड्यात नसते.

आता बातमी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळांचे नमुने गोळा केले. त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि अनेक ठिकाणी 'वटवाघळांत निपाह' एवढेच उरले. खुणा मिळाल्या होत्या मुख्यतः गुहेत राहणाऱ्या एका फळखाऊ जातीत. एका पाकोळीतही मिळाल्या होत्या, म्हणून 'लहान ती निरुपद्रवी' असेही म्हणता येत नाही. पण अशा बातमीनंतर निघणारा 'मारून टाका' हा उपाय मात्र तपासून झालेला आहे. युगांडातील किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग रोग झाल्यावर तिथली वटवाघळे संपवण्यात आली. नंतर नवी वटवाघळे येऊन राहिली. २०१२ मध्ये त्याच परिसरात रोगाची मोठी साथ आली, तेव्हा पूर्वी ५.१ टक्के वटवाघळांत आढळलेला विषाणू १३.३ टक्के वटवाघळांत सापडला.

खबरदारी अर्थात घ्यायला हवीच. वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये, मुलांना तर अजिबात शिवू देऊ नये. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, कारण रेबीजची शक्यता गृहीत धरावी लागते. उष्टी फळे खाऊ नयेत. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. नाकातोंडाला फडके बांधून, पाणी शिंपडून मगच उचलाव्यात. डांबरगोळ्यांचा फार उपयोग होत नाही, उलट त्यांची वाफ वर्गातल्या मुलांनाच त्रास देते. धूर केला तर घाबरलेली वटवाघळे थेट वर्गात उतरतात.

वटवाघळे वर्गावर नकोतच असतील तर भोके बुजवावीत, पण ती बाहेर पडल्यावर. भोकावर बारीक जाळीचा पडदा वरून बांधून खालून मोकळा सोडावा. वटवाघूळ सरपटत खाली येऊन बाहेर पडते, परत येताना मात्र त्याला वाट सापडत नाही. चार-पाच रात्रींनंतर, आत कोणी उरले नाही याची खात्री करून सिमेंट भरावे. पिल्ले असतील तर हे करू नये. ती आतच मरतात आणि दुर्गंधी शाळेलाच भोगावी लागते. बऱ्याच जातींची पिल्ले उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात असतात, पण पाकोळ्यांच्या बाबतीत महिन्यावर विसंबू नये. आत बॅटरीने बघून घ्यावे.

त्याआधी दोन संध्याकाळी मुलांना पटांगणात उभे करून कोणत्या भोकातून किती जणी बाहेर पडतात ते मोजावे. भोकाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावरची लेंडी काडीने दाबली की चुरा होऊन किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसले तर ती पाकोळीची. चुरा झालाच नाही, तर छपरात उंदीर आहेत.