गळ्यात बसवलेली पेटी

गणपतीला दीड-दोन महिने राहिले की जबल अलीतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली भरायला लागते. अशी खोली तुम्ही पाहिली असेल, कदाचित तुमच्या घरातही असेल: भिंतींना टांगलेल्या गोधड्या, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट (आवाज शोषायला त्याहून स्वस्त साधन मला माहीत नाही), एक माइक, एक लॅपटॉप. मंडळाच्या आरत्या, कुणाचा स्वतः चाल लावलेला अभंग, कुणाच्या मुलीचं पहिलं भावगीत. गाणारी माणसं फ्री झोनमधल्या गोदामांतून, कचेऱ्यांतून ड्यूटी संपवून रात्री नऊनंतर येतात. मुंबईतला स्टुडिओ तासाचे पैसे मोजतो, इथे चहा मिळतो.

परवा या खोलीत गेल्या काही वर्षांत झालेली वीसेक गाणी मी ओळीनं ऐकली. परीक्षण दुसऱ्याच्या कामाचं करायचं असा रिवाज आहे, पण या सगळ्या गाण्यांवर शेवटचा हात माझाच फिरलेला, तेव्हा तक्रारही माझ्याविरुद्धच. सगळी गाणी स्वच्छ, सगळी सुरात, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर कोण गातंय याची उत्सुकताच उरत नाही.

पहिला दोष हेडफोनमधल्या टिकटिकीचा. तबलजी शनिवारी येतो, पेटीवाला मंगळवारी, गायक त्याला सवड मिळेल तेव्हा. तिघांची गाठच पडत नाही, त्यांना बांधून ठेवते ती क्लिक. आता भजनातला गजर आठवा. टाळकरी गायकाकडे बघतो, गायक मृदंगाकडे, आणि लय कुणी वाढवली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. क्लिकवर म्हटलेला गजर शेवटपर्यंत पहिल्याच लयीत चालतो. मग आम्ही काय करतो, तर शेवटी आवाज थोडा मोठा करतो, म्हणजे तो चढल्यासारखा वाटतो.

दुसरा दोष याहून वाईट. ओळखीच्या एक काकू आहेत, तीसेक वर्षं गाणाऱ्या. त्या भूपातला एक अभंग म्हणून गेल्या. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर त्यांचा प्रत्येक गंधार रेघेच्या जरासा खाली दिसत होता. मी सगळे वर ओढून घेतले. पुढच्या खेपेला त्या शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं माझा गंधार उतरतच होता का रे?" मी म्हटलं, "थोडासा." काही दिवसांनी कळलं, काकू आता मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप लावून रियाज करतात.

त्यांचा गंधार उतरत नव्हता. नीट लावलेल्या तानपुऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो पेटीतल्या गंधाराहून सुमारे १४ सेंट खाली असतो. (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) काकू तानपुऱ्याला धरून गात होत्या, पडद्यावरची रेघ पेटीची होती. त्या मुद्रणात आज तानपुऱ्याचा गंधार आणि काकूंचा 'दुरुस्त' गंधार एकमेकांना घासत राहतात. मींडेचं तर विचारूच नका, तिच्या पायऱ्या झाल्या आहेत.

यंत्राला दोष देऊन सुटता येत नाही. ऑटो-ट्यून १९९७ साली आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीत सोडलेल्या लहरींचं गणित करायचे. आपण आखातातली माणसं, तेलाच्या जिवावर इथे आलो, तेव्हा ही सोयरीक मला मजेशीर वाटते. पण अशा सॉफ्टवेअरमध्ये स्वरस्थानं आपली आपण ठरवायची सोय असते. मी ती कधी उघडूनही पाहिली नव्हती.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं चालली. पेटीचे स्वर जागच्या जागी ठोकलेले, तिच्यातून मींड निघत नाही, हा एक मोठा आक्षेप होता. बंदी टोकाची होती. भजनात वाढलेला माझ्यासारखा माणूस पेटीच्याच बाजूनं बोलणार. पण पेटी निदान गायकाच्या शेजारी बसायची. गायकाला तिला सोडून जरा वरखाली जाता यायचं. आम्ही ती गळ्यात बसवली.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती पुन्हा ऐका, आणि ऐकताना मनातल्या मनात पडद्यावरची रेघ आखून बघा. किती स्वर त्या रेघेवर बसतील? ते गायलं गेलं त्या काळात मागाहून सूर ओढायची सोय नव्हती. असती, तर माझ्यासारख्या कुणीतरी ती वापरली असती.

यंदा काकूंना पुन्हा बोलावलं. आधी मागचा प्रकार सगळा सांगितला. त्या रागावल्या नाहीत, नुसतं "बघ बाबा" म्हणाल्या, ते जास्त लागलं. तबला, टाळ आणि काकू एकाच खोलीत, क्लिक नाही, लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून गाण्यापुरता एसी बंद. जुलैत इथे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरच्या दमट हवेतून तबला थंड, कोरड्या खोलीत आला की पुडी ताणते आणि सूर चढतो. एसी बंद केला की तो पुन्हा ढिला पडायला लागतो. तीनदा हातोडी मारावी लागली. तिसऱ्या खेपेला गजर खरोखर चढला, टाळकरी शेवटी अर्धी मात्रा पुढे पळाला, काकूंना हसू आलं. ते हसू मुद्रणात आहे.

घामानं निथळत काकूंनी विचारलं, "गंधार लागला का रे?" मी लॅपटॉप फिरवला नाही. हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि तानपुरा थोडा वाढवून दिला.