फुलदाणीतली तजमीन

जुन्या चित्रावरून पुष्परचना करणे ही नक्कल की निर्मिती? काही वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेत आम्हाला परीक्षक म्हणून बसवले, तेव्हाच हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. तो उशिरा पडला.

मुलींना दिलेले चित्र यान व्हान हायसम (1682–1749) या डच चित्रकाराचे होते. मातीच्या कुंडीत ओसंडणारी फुले, खाली अंड्यांसह घरटे आणि द्राक्षे. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यावर 1736 आणि 1737 अशी दोन साले आहेत, आणि चित्राची सारी गोम तिथेच आहे. अंडी वसंतातली, द्राक्षे उन्हाळा सरतानाची. हा गुलदस्ता कोणत्याही एका दिवशी कुठल्याही टेबलावर नव्हता. हायसम एकेका फुलाच्या मोसमाची वाट पाहत असे. 1742च्या एका पत्रात तो कळवतो की, आदल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही, म्हणून चित्र अडले. गिऱ्हाईक जर्मनीतला ड्यूक होता, तरीही!

अशा चित्राची हुबेहूब नक्कल ताज्या फुलांनी कशी होणार? फुलांचा भार असा की खरी कुंडी कलंडावी, आणि वरच्या फुलांना एवढे देठ आणायचे कुठून? जाणकार कुंडीत चुरगळलेली तारेची जाळी घालतात, आखूड देठांसाठी पाण्याच्या नळ्या काठीला बांधतात. पण हा झाला कारागिरीचा भाग. लंडनच्या कॉन्स्टन्स स्प्राय (1886–1960) यांना डच चित्रांचे मोठे वेड. मात्र त्यांच्या रचनेत कोबीच्या जातीची पाने, रानगवत, बोरांसारखी रानफळे येत. चित्रातला भार आणि झोक त्यांनी घेतला, फुलांची यादी नाही.

उर्दू शायरीत याला तजमीन म्हणतात. दुसऱ्याचा शेर घ्यायचा आणि त्याला आपले मिसरे जोडायचे. शेर त्याचा, पण जोडलेल्या मिसऱ्यांत दम आपला हवा. आमच्या मते चित्रावरून केलेली रचना याच कसोटीवर तपासावी. (वर्गात तजमीन शिकवताना आम्ही हे शंभरदा सांगितले असेल.)

त्या दिवशी मात्र आम्ही पहिला क्रमांक कापडी फुलांना दिला. रंग जुळले होते, जागा जुळल्या होत्या. सातवीतल्या एका मुलीने तांब्यात झेंडू, जास्वंद, मेथीच्या जुड्या आणि शेवग्याचा मोहोर रचला होता. एक गुलाब कडेवरून खाली लोंबत होता, त्याच्या पाकळ्या टेबलावर गळल्या होत्या. ‘नीटनेटकेपणा’ या रकान्यात आम्ही तिचे चार गुण कापले.

ती एवढेच म्हणाली, “सर, वो मैंने जानकर नहीं उठाई.”

डच चित्रांत गळलेल्या पाकळ्या आणि किडीने खाल्लेली पाने किती जपून रंगवलेली असतात, हे आम्ही त्यानंतर पाहिले. गुणपत्रिका तोवर कार्यालयात जमा झाली होती.