प्रोब कुणाच्या हाती?

ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी दर्शनी भागात लावावीच लागते. ही पाटी संशयातून जन्मली आणि तो संशय रास्त आहे. असा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४चा. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१मध्ये ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४वर आल्या.

या कायद्याने प्रोब पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांच्याच हाती ठेवला. २०१४च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण आखले. सीटी, एमआरआय रोज हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला मात्र इथे जागा नाही. ब्रिटनमध्ये गरोदरपणातील नेहमीच्या तपासण्या प्रामुख्याने सोनोग्राफरच करतात.

तंत्रज्ञ आले तर लिंगनिदान बोकाळेल, हा युक्तिवाद मला पटत नाही. २०१२मध्ये गाजलेल्या परळीच्या प्रकरणात पुढे दोषी ठरले ते डॉक्टर दांपत्य होते. पदवी ही नीतीची हमी नव्हे. लगाम बसतो तो यंत्राच्या नोंदणीने, ‘एफ’ नमुन्यातील नोंदींनी आणि त्या नोंदी खरोखर तपासण्याने.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. क्ष-किरणाची फिल्म दुसरा डॉक्टर नंतरही वाचू शकतो. सोनोग्राफीत कोणता छेद पाहायचा आणि कोणता जपायचा, हे हातच ठरवतो. जे पाहिलेच नाही, ते अहवालातही येत नाही. अठरा ते वीस आठवड्यांच्या व्यंगतपासणीत हृदयाचा एक छेद निसटला, तर त्याची किंमत एक कुटुंब मोजते. पण यातून सिद्ध होते ती कसून शिकवलेल्या हाताची गरज. तो हात डॉक्टरचाच हवा, हे नव्हे. सहा महिने शिकलेला डॉक्टर चालतो, तर काही वर्षे हेच शिकलेला तंत्रज्ञ का नाही?

प्रश्न मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरून कल्याण गाठणाऱ्या गर्भवतीचा आहे. तिची तारीख पुढे गेली की निर्णयाचे दिवसही हातचे जातात.

२०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने तंत्रज्ञांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला चौकट दिली आहे. पोट, थायरॉइड यांच्या तपासण्यांपासून आरंभ करावा, चित्रफीत जपावी, अहवालावर सही डॉक्टरची असावी. गर्भतपासणीचा विचार त्या अनुभवानंतर करावा. डॉक्टरांच्या संघटनांनी याला विरोध जरूर करावा. मात्र तो रुग्णाच्या हितासाठी आहे की व्यवसायाच्या कुंपणासाठी, हेही सांगावे.