क्यूआर कोड आला, प्रश्न कुठे आहे?

नाशिकमध्ये बोलतोय, तेव्हा गंगेपासूनच सुरुवात करतो. आपण गोदावरीला गंगाच म्हणतो ना! १९८९ साली इथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं ब्रीदही 'ज्ञानगंगा घरोघरी' असंच आहे. तेव्हा ती छापील पुस्तकांतून घरी यायची, आज मोबाइलमधून येते. मग वर्गात शिक्षकाने करायचं काय?

एक उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीतून आलं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले. २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. या कल्पनेचं मोल मोठं आहे. कविता ऐकता येते, प्रयोग पुन्हा पुन्हा बघता येतो. माझा आक्षेप कोडवर नाही, त्याच्या वापरावर आहे. कोड स्कॅन केला, व्हिडिओ लावला, तास संपला, असं झालं तर फळा तेवढा बदलला. शिकवणं जुनंच राहिलं.

उदाहरण घ्या. गोदावरीचा उगम कुठे? त्र्यंबकेश्वरजवळ, ब्रह्मगिरीवर. लांबी? १,४६५ किलोमीटर. हे मोबाइल क्षणात सांगतो. पण अरबी समुद्र उगमापासून सुमारे ८० किलोमीटरवर असताना ही नदी उलटी बंगालच्या उपसागराकडे का गेली? याचंही उत्तर मोबाइल देईल हो, पण हा प्रश्न आधी सुचायला हवा ना? चांगल्या बाई काय करतील? नकाशा समोर ठेवतील, मुलांना अंदाज बांधू देतील. कुणी म्हणेल, "बाई, मध्ये डोंगर आहे!" मग मातीचा उतार करून त्यावर पाणी ओततील. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, पूर्वेकडे उतरत जाणारं पठार, हे मुलांना आपलं आपण कळेल. व्हिडिओ त्यानंतर. आधी लावला, तर प्रश्न पडायच्या आतच उत्तर मिळतं.

आणि ज्या घरात एकच मोबाइल आहे, तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलीला हा कोड म्हणजे नुसता काळा-पांढरा चौकोन. तिच्या प्रश्नाला जागा आहे ती वर्गातच.

नुसती टिपणं उतरवून देणाऱ्या शिक्षकाची गरज संपली, हे मान्य करूया. पण मुक्त विद्यापीठानेसुद्धा पुस्तकं दिली म्हणून अभ्यासकेंद्रं टाळली नाहीत. गंगा दारात आली, तरी पोहायला कुणीतरी शिकवावंच लागतं.