हिरवाई नेमकी कोणाची?

१९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर सुचवले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ९५ गावांची भातशेते, मिठागरे संपादनाखाली आली. नवी मुंबईवर लिहिताना बहुधा दोनच सूर लागतात: नियोजनाचे कौतुक किंवा हरवलेल्या हिरवाईची हळहळ. दोहोंत आगरी-कोळी माणूस निसर्गचित्रातला ठिपकाच उरतो. जानेवारी १९८४ च्या दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांनी प्राण दिले. मागणी जमिनीच्या न्याय्य मोबदल्याची होती. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. शेत गेल्याचे दुःख आणि शहरातल्या वाट्याचा हट्ट एकाच घरात नांदतात. ही ओढाताण न दिसणारी हळहळ अर्धीच खरी म्हणावी लागते.